खिशातला धारदार सोबती

मुलांनो, आधी एक कोडं. घरात असला की गरीब, बाहेर आला की तिखट. बोलवायला नख लागतं आणि परत जाताना 'कट्' करून स्वतःच दार लावून घेतो. सांगा पाहू कोण?

बरोबर! घडीचा चाकू. पातं मुठीत मिटवून खिशात टाकता येतो, तोच.

आता 'चाकू' हा शब्द वाचल्याबरोबर तुमच्या आईच्या कपाळावर आठी उमटली असणार. मुलांच्या अंकात चाकू कशाला, असं बाबाही म्हणतील. प्रश्न रास्त आहे. सिनेमात चाकू दिसतो तो गुंडाच्या हातात आणि वर्तमानपत्रात त्याचं नाव येतं ते पोलिसांच्या बातमीत. पण रोज सकाळी कोथिंबीर चिरणाऱ्या सुरीची बातमी कुणी छापतं का? आंब्याचं कलम बांधणाऱ्या माळ्याच्या खिशात चाकू असतो, त्याची? आज आपण या बातमीत न येणाऱ्या चाकूची ओळख करून घेऊ.

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी नाणी, कुणी काड्यापेटीवरची चित्रं. तसेच घडीचे जुन्या धाटणीचे चाकू जमवणारे लोकही जगात पुष्कळ आहेत. मात्र त्यांचा एक रिवाज गमतीचा आहे. तिकिटं जमवणारा आपली तिकिटं जपून वहीत ठेवतो, ती पाकिटावर चिकटवत नाही. हे चाकूवाले मात्र रोज सकाळी कपडे करताना ठरवतात, आज कोणता खिशात टाकायचा! सोमवारी लाकडी मुठीचा, मंगळवारी शिंगाच्या मुठीचा. मग दिवसभर त्याला कामं. सफरचंद कापा, पार्सलची सुतळी तोडा, पेन्सिलीला टोक करा, झाडाची वाळकी काडी छाटा. वापरून वापरून मूठ गुळगुळीत होते आणि पात्यावर निळसर काळी झाक चढते. या मंडळींना तीच झाक आवडते. दुकानातल्या चकचकीत चाकूपेक्षा आजोबांनी झिजवलेला चाकू त्यांना मोलाचा वाटतो.

ती काळी झाक कसली, माहीत आहे? तुमच्या आजीच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं ना, तीच. साध्या पोलादाला आंबट लागलं की त्याच्यावर असा थर बसतो. तो तांबड्या गंजासारखा खाऊन टाकणारा नसतो. उलट खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतो. न गंजणारं पोलाद, म्हणजे आपलं 'स्टेनलेस', फार उशिरा आलं. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये ते बनवलं. पोलादात क्रोमियम नावाचा धातू पुरेसा मिसळला की ते सहसा गंजत नाही. पण आजही कित्येक हौशी लोक मुद्दाम साध्या पोलादाचाच चाकू घेतात. त्याला धार लावायला सोपी, असं त्यांचं म्हणणं.

'कट्' कोण म्हणतं?

घडीचा चाकू ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. ऑस्ट्रियात हॉलस्टाट नावाचं ठिकाण आहे, तिथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला. तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तर एका रोमन माणसाचं अजबच अवजार ठेवलेलं आहे. चमचा, काटा, टोच्या आणि चाकू, सगळं एकाच दांड्याला घडी करून बसवलेलं! तेही इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं.

या जुन्या चाकूंची पाती नुसती खिळ्यावर फिरत. उघडलं तर उघडं, मिटलं तर मिटलेलं. मध्ये धरून ठेवणारं काही नाही. पुढे कारागिरांनी एक युक्ती काढली. मुठीच्या पाठीत पोलादाची एक जाड पट्टी बसवली. तीच त्याची स्प्रिंग. पात्याचं मुठीतलं बूड चौकोनी असतं. पातं उघडताना त्या चौकोनाचा कोपरा पट्टीला वर ढकलतो आणि पट्टी वाकते. कोपरा ओलांडला की पट्टी सपाट बाजूवर 'कट्' करून खाली बसते. झालं, पातं जागेवर! मिटवतानाही तेच उलट. कोड्यातला आवाज हा असा येतो. जाणकार लोक आंब्याच्या पेटीवर वाकून वास घेतात ना, तसे हे संग्राहक चाकू कानाजवळ नेऊन हा आवाज ऐकतात. आवाज खणखणीत तर कारागीर चांगला.

पण एक लक्षात घ्या. ही पट्टी म्हणजे कुलूप नव्हे. पात्यावर उलटा जोर पडला तर ते मिटतं, आणि मधे बोट असेल तर बोटाची काही खैर नाही. म्हणून असा चाकू टोचायला, उचकटायला कधी वापरायचा नसतो. तो फक्त कापण्यासाठी.

कलम आणि कलम

इंग्रजीत छोट्या घडीच्या चाकूला 'पेननाईफ' म्हणतात. चाकूचा आणि पेनाचा काय संबंध? फार मोठा! लोखंडी निबा येण्याआधी युरोपात पिसाच्या लेखण्या होत्या. चार पानं लिहिली की टोक बोथट. मग लिहिणाऱ्याने छोटा चाकू काढायचा, टोक नीट छाटायचं आणि पुढे लिहायचं. आपल्याकडेही बोरू होताच. मोडी लिहिणारे कारकून बोरू चाकूने तासायचे आणि त्याचं टोक तिरकं छाटायचे. फारसीत अशा चाकूला 'कलमतराश', म्हणजे कलम तासणारा, असं ऐटबाज नाव आहे. आपला 'चाकू' हा शब्दही फारसीतूनच आलेला. म्हणजे बघा, ज्याच्या हाती लेखणी त्याच्याजवळ चाकू असणारच! चाकू बाळगणारा म्हणजे लिहिणारा, शिकलेला माणूस, असा तो काळ होता.

दुसरं कलम कोकणातलं. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असं नसतं, म्हणून कलम बांधावं लागतं. कोय कलम कसं करतात ते कधी रोपवाटिकेत जाऊन जरूर पाहा. कोय रुजून आठ-पंधरा दिवसांचं कोवळं रोप झालं की त्याचा शेंडा आडवा कापतात. उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर देतात. चांगल्या झाडाची काडी घेऊन तिचं बूड दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासतात. ती पाचर चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. ही पाचर एका झटक्यात, सपाट तासली गेली पाहिजे. काप खडबडीत झाला तर दोन्ही सालींची गाठ पडत नाही आणि कलम वाळून जातं. म्हणून कलम करणारा माणूस आपल्या घडीच्या चाकूला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याच्या पात्याच्या धारेवर पुढच्या कित्येक वर्षांचे आंबे अवलंबून असतात, म्हणा ना!

तीन गावं, तीन चाकू

जगात चाकूंसाठी प्रसिद्ध गावं कितीतरी. जर्मनीत झोलिंगेन, फ्रान्समध्ये तिएर आणि लाग्योल, इंग्लंडमध्ये शेफिल्ड. सगळ्यांच्या गोष्टी सांगत बसले तर अंक पुरायचा नाही.

शेफिल्डचं तेवढं सांगते. तिथले कारागीर १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी काय बनवून बसले असतील? ७५ पाती आणि अवजारं असलेला एक अवाढव्य चाकू! त्याचं नाव 'नॉरफोक नाईफ'. खिशात मावायचा प्रश्नच नाही. तो कारागिरी दाखवायलाच केलेला होता. पण या शहराची दुसरी बाजूही आहे. पाती घासायची ती वालुकाश्माच्या चाकांवर. त्याची बारीक धूळ श्वासातून छातीत जायची. एकोणिसाव्या शतकात कोरड्या चाकावर काटे-चमचे घासणारे कितीतरी कामगार चाळिशीही गाठत नसत. तुम्ही संग्रहालयात एखादा सुंदर जुना चाकू पाहाल तेव्हा तो घासणाराही आठवा. याच शहरात स्टॅन शॉ नावाचे कारागीर होऊन गेले. चौदाव्या वर्षी कारखान्यात काम मागायला गेले आणि नव्वदी ओलांडली तरी हातांनी घडीचे चाकू बनवत होते. २०२१ मध्ये ते वारले.

फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागातली गोष्ट मला जास्त आवडते. ओपिनेल नावाच्या घराचा धंदा शेतकऱ्यांसाठी कोयते-कुऱ्हाडी करण्याचा. त्या घरातल्या जोसेफ या अठरा वर्षांच्या मुलाने १८९० मध्ये साधा, स्वस्त, लाकडी मुठीचा चाकू तयार केला. दागदागिने नाहीत, शिंग नाही, शिंपला नाही. लाकडाच्या दांड्याला खाच, त्यात पातं, बस्स. १८९७ मध्ये त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत बारा मापं काढली आणि त्यांना १ ते १२ असे नंबर दिले. १ नंबरचा इतका चिमुकला की तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा! पुढे १९३५ मध्ये १ आणि ११ हे दोन नंबर बंद झाले, त्यामुळे आजही त्यांच्या यादीत १० नंतर एकदम १२ येतो. १९५५ मध्ये या चाकूच्या गळ्यात एक फिरती कडी आली. उघडल्यावर कडी फिरवली की पातं मिटत नाही. शेतकरी, गुराखी, चित्रकार, सगळ्यांच्या खिशात तो जाऊन बसला. आणि ऐका, हा कारखाना मुलांसाठी वेगळा चाकूही बनवतो. त्याच्या पात्याचं टोक गोल असतं. धार आहे, पण टोचत नाही.

तिसरा चाकू तुम्ही ओळखताच. लाल मुठीचा, पांढऱ्या क्रुसाचा 'स्विस आर्मी नाईफ'. तुमच्या एखाद्या मामाने परदेशातून आणलेला असेल. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना एक असा चाकू हवा होता, ज्याने जेवणाचा डबा फोडता येईल आणि बंदुकीचे स्क्रूही खोलता येतील. पहिले चाकू आले जर्मनीतून, कारण देशात तेवढे बनवणारा कारखानाच नव्हता. इबाख गावच्या कार्ल एल्सेनर यांना हे खटकलं. त्यांनी १८९१ पासून सैन्याला स्वदेशी चाकू द्यायला सुरुवात केली. जर्मन कारखान्याचा माल स्वस्त, त्यामुळे एल्सेनर कर्जात बुडाले, नातेवाइकांनी हात दिला म्हणून तरले. मग त्यांना एक सुंदर कल्पना सुचली. पाठीतल्या एकाच पट्टीवर दोन्ही बाजूंची अवजारं बसवायची! त्यामुळे चाकू हलका राहिला आणि अवजारं वाढली. १२ जून १८९७ ला त्याची नोंदणी झाली. एल्सेनर यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. १९०९ मध्ये ती वारली तेव्हा त्यांनी तिचं नाव कारखान्याला दिलं. पुढे १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स.

हा चाकू अंतराळातही जाऊन आला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेचं यान रशियाच्या 'मीर' स्थानकाला जोडलं गेलं, पण दरवाजा इतका पट्ट्यांनी बांधलेला की उघडेना. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी शेवटी खिशातला स्विस चाकू काढला!

पेन्सिलीची शाळा

आता जपान. मला खरं तर या गोष्टीसाठीच हा लेख लिहायचा होता.

कोबे शहराजवळ मिकी नावाचं गाव आहे. शेकडो वर्षं ते सुतारांच्या अवजारांसाठी नावाजलेलं. जपानमध्ये १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी झाली. एकोणिसावं शतक संपता संपता मिकीत एक साधासा घडीचा चाकू तयार होऊ लागला. पत्र्याची किंवा पितळेची पट्टी दुमडून केलेली मूठ, तिच्यात पातं. स्प्रिंग नाही, कुलूप नाही. पात्याच्या बुडाला शेपटीसारखा छोटा दांडा. त्यावर अंगठा दाबला की पातं उघडतं आणि काम चालू असेपर्यंत तो अंगठाच पात्याला धरून ठेवतो. मुठीवर नाव कोरलेलं, 'हिगो-नो-कामी'. म्हणजे हिगो प्रांताचा सरदार! किंमत मात्र सरदारी नव्हे. शाळकरी पोरालाही परवडेल अशी.

आणि खरंच, तो शाळकरी पोरांचा चाकू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत जपानी मुलांच्या खिशात, दप्तरात हिगोनोकामी असायचाच. पेन्सिलीला टोक त्यानेच करायचं. बांबू तासून चतुर करायचा, म्हणजे दोन तळव्यांत फिरवून सोडला की भिरभिरत वर जाणारा. आपल्याकडची मुलं ज्वारीच्या ताटाची बैलगाडी करतात ना, तसाच हा प्रकार.

मग १९६० साल आलं. १२ ऑक्टोबरला टोकियोत भर सभेत इनेजिरो आसानुमा या राजकीय नेत्याचा एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्या मुलाच्या हातात होती ती छोटी तलवार. हिगोनोकामीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पण देश हादरला होता. मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नका, अशी मोहीम सुरू झाली. शाळांनी चाकू बंद केले. त्याच सुमाराला पेन्सिलीला टोक करायची यंत्रंही आली. मिकीतल्या चाकू करणाऱ्यांची दुकानं एकामागून एक मिटत गेली. आज 'हिगोनोकामी' हे नाव लावण्याचा हक्क असलेला एकच कारखाना शिल्लक आहे. जगभरचे हौशी लोक आता तिथले चाकू मागवतात. ज्याला शाळेच्या दारातून परत पाठवलं, तो असा परदेशात पाहुणा झाला!

गंमत म्हणजे, तुम्ही कार्यानुभवाच्या तासाला जो कटर वापरता, ती पट्टी मोडून नवी धार काढायची ना, तोही जपानचाच. १९५६ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी तो शोधला. फुटलेल्या काचेला नवी धार येते आणि चॉकलेटची वडी खाचांवर बरोबर तुटते, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र जोडल्या. डोकं पाहा!

गोष्ट इथे संपत नाही. जपानमध्येच नागानो भागात इकेदा नावाचं गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेने १९८३ मध्ये उलटंच ठरवलं. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेनेच एक हिगोनोकामी द्यायचा आणि पेन्सिलीला टोक त्यानेच करायला शिकवायचं. पहिलीतल्या, बरं का! सहा-सात वर्षांच्या मुलांना! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मीही दचकले. आमच्या वर्गात कुणाच्या कंपासपेटीत ब्लेड सापडलं तर मी ते आधी काढून घेते. आणि तेही बरोबरच आहे, कारण उघडं ब्लेड ही फार वाईट वस्तू. त्याला मूठ नाही, धरायला जागा नाही. पण विचार करत गेले तशी त्या शाळेची बाजू पटत गेली. चाकूने टोक करायचं म्हणजे दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करायचं. उजवा हात चाकू नुसता धरून ठेवतो, ढकलायचं काम डाव्या हाताचा अंगठा करतो. लाकडाच्या रेषा कुठे जातात ते पाहावं लागतं. घाई केली की शिसं मोडतं. आणि मुख्य म्हणजे तेवढा वेळ इकडे-तिकडे पाहता येत नाही.

शार्पनर, काही गावांत त्याला गिरमिट म्हणतात, त्यात पेन्सिल घालून गरागरा फिरवली की झालं. त्यातून निघणाऱ्या सालीची फुलं मात्र छान होतात, हे मान्य! पण शार्पनरने टोक कसं झालं हे विचारलं तर सांगता येत नाही. चाकूने झालेलं टोक आपण केलेलं असतं. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी जी शिक्षणाची योजना मांडली, तिचा अभ्यास आम्हाला डी.एड.ला होता. हाताला काम देत देत शिकवावं, असा तिचा गाभा. तिथे टकळी होती, इकेदात चाकू आहे.

म्हणजे उद्यापासून दप्तरात चाकू न्यायचा का? मुळीच नाही! इकेदाच्या शाळेत चाकू शाळेने दिला, शिक्षक शिकवतात, सगळ्यांकडे सारखा आहे. आपल्या शाळेत असं काही ठरलेलं नाही, तिथे कुणी एकट्यानेच नेला तर इतर मुलं घाबरतील आणि भांडणात तो बाहेर निघाला तर काय होईल, हे मी सांगायला नको. देशोदेशी याचे कायदेही आहेत. इंग्लंडमध्ये कुलूप नसलेला, ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू माणूस खिशात बाळगू शकतो, पण शाळेच्या आवारात त्यांचा नियम वेगळा आणि कडक आहे. आपल्याकडे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं कायद्याच्या कक्षेत येतात. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण लहान चाकूही विमानात जवळ ठेवता येत नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला विमानांवर हल्ले झाले, तेव्हापासून विमानतळावर तपासणी फार कडक झाली आणि स्विस चाकूंचा खपही एकदम खाली आला. कारण विमानतळावरच्या दुकानांत ते भेट म्हणून भरपूर खपायचे!

चाकूचं नाव बदनाम कसं होतं ते पाहायचं तर उत्तर प्रदेशातल्या रामपूरला जायला हवं. तिथले कारागीर फार सुबक घडीचे चाकू करत. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी तो हातात घेतला आणि 'रामपुरी' म्हणजे गुंडगिरी असं समीकरण होऊन बसलं. नियम कडक झाले, गिऱ्हाईक आटलं, कारागिरांची मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. २०२३ मध्ये त्या शहराने एका चौकात सुमारे २० फूट उंचीचा चाकू उभारला. चौकात पुतळा झाला खरा, पण कारागिराच्या घरी काम किती आलं, हा प्रश्न राहतोच.

घरी शिकायचं असेल तर

आई, बाबा, ताई, दादा कुणीतरी शेजारी बसलेलं असताना, काकडीपासून सुरुवात करा. बसून कापायचं, उभ्याने किंवा चालताना नाही. बालवीर आणि स्काउट मुलांना परदेशात एक नियम शिकवतात, तो मला फार आवडला. चाकू उघडण्यापूर्वी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि स्वतःभोवती फिरवायचा. त्या वर्तुळात कुणी येत असेल तर चाकू उघडायचा नाही. दुसऱ्याला द्यायचा तो मिटून. मिटत नसेल तर मूठ त्याच्याकडे करून, आणि त्याने नीट धरल्यावर 'घेतला' म्हटलं की मगच सोडायचा. काही घरांत सुरी हातात देत नाहीत, खाली ठेवतात, नाहीतर भांडण होतं म्हणतात. भांडणाचं राहू द्या, पण बोट नक्की वाचतं! फ्रान्समध्ये तर चाकू भेट मिळाला की देणाऱ्याला एक नाणं परत देतात. म्हणजे तो विकत घेतल्यासारखा झाला आणि मैत्री कापली गेली नाही!

पालकांसाठी एक गोष्ट. मुलाला बोथट सुरी देणं हा सुरक्षितपणा नव्हे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, ते घसरतं आणि घसरलेलं पातं कुठे जाईल याचा नेम नसतो. चाकाची सायकल घेऊन 'सुरी-कात्रीला धाऽर' म्हणत येणारा माणूस तुमच्या गल्लीत येत असेल तर त्याला मुलांसमोर थांबवा. ठिणग्या का उडतात, मध्येच पाणी का लावतो, हे त्यालाच विचारू द्या.

आणि संग्रहाचं काय? चाकू विकत घेत सुटायची काही गरज नाही. पूर्वी आपल्याकडेही एक मिटणारं धारदार अवजार माणसं रोज जवळ बाळगत, ते म्हणजे अडकित्ता. चंचीत पान, सुपारी, चुना आणि त्यांच्या जोडीला तो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे किती नमुने आहेत म्हणून सांगू! दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून, घराघरांतून अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या. सुट्टीत पुण्याला गेलात तर त्या कपाटापुढे थोडं जास्त थांबा.

घरी आजोबांकडे जुना अडकित्ता किंवा चाकू असेल तर तो मागून घेऊ नका, नुसता पाहा. वहीत त्याचं चित्र काढा. पातं केवढं, मूठ कशाची, खिळे किती, कारखान्याचा छाप आहे का, कुठून आणला, किती वर्षं वापरला, काय काय कापलं, हे त्यांना विचारून खाली लिहा. मग शेजारच्या काकांचा, मग मावशीच्या सासऱ्यांचा, मग गावातल्या माळीबुवांचा कलमाचा चाकू. वापर झाल्यावर पातं कोरड्या फडक्याने पुसून, खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब सोडून ठेवायचं, हे माळीबुवाच तुम्हाला दाखवतील.